उघाडी कोणी सांभाळायची?

२६ जुलै ही तारीख मुंबई, ठाणे, रायगडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि तेवढ्याच वेळात कुलाब्याला जेमतेम ७३. महाड तालुक्यातली दासगाव, जुई, कोंडिविते, रोहन ही गावे दरडींखाली गेली. राज्यात हजारावर माणसे दगावली. पुढे दहा वर्षांनी युनेस्कोने हाच दिवस कांदळवन संवर्धनाचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून ठरवला. त्याला कारण आपला पूर नव्हता. १९९८ साली याच तारखेला इक्वाडोरमधल्या मुइस्ने येथे, कांदळवन तोडून केलेल्या कोळंबीच्या तळ्यांविरुद्ध आंदोलन चालू असताना एक कार्यकर्ता हृदयविकाराने गेला. त्याची ती आठवण. म्हणजे निव्वळ योगायोग. पण योगायोगालाही कधी कधी अक्कल असते. नवी मुंबईपुरते तरी पूर आणि कांदळवन हे दोन विषय नाहीतच.

तरीही दरवर्षी या दिवशी इथे दोन वेगवेगळे कार्यक्रम होतात. एकीकडे पुराच्या आठवणी आणि ‘आपत्ती व्यवस्थापन सज्ज’ अशी निवेदने, दुसरीकडे खाडीकाठी रोपे हातात धरून काढलेली छायाचित्रे. दोन्हीकडचे पाहुणे एकमेकांना भेटत नाहीत. आणि ज्या गोष्टीवर या शहराचे पावसाळ्यातले कोरडेपण टिकून आहे, तिचे नाव दोन्ही मांडवांत निघत नाही. ती गोष्ट म्हणजे खाडीच्या तोंडाशी बसवलेली झडप. अभियंते तिला फ्लॅप गेट म्हणतात. खारेपाटातला शेतकरी शतकानुशतके तिला उघाडी म्हणत आला.

आज जिथे सीवूड्सचे मनोरे आणि बेलापूरची सरकारी कार्यालये उभी आहेत, त्याच्या आसपासचा बराच भाग मूळचा खाजणाचा, मिठागरांचा आणि खारभूमीचा. भरतीच्या रेषेखालची ही जमीन आगरी-कोळी समाजाने मातीचे बांध घालून समुद्राकडून मिळवली. बांधाला जागोजागी उघाड्या. ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर जायचे, भरतीला बाहेरचा दाब झडप लावून घ्यायचा. पहिल्या पावसांनी जमिनीतले मीठ धुऊन निघाले की राता किंवा तसलाच खार सोसणारा भात पेरायचा. याच ज्ञानाचा धागा पकडून पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ या जाती दिल्या. जगाला आज क्षारप्रतिकारक बियाण्यांची आठवण होते आहे. पनवेलला ती फार आधी झाली होती.

या व्यवस्थेत बांधाइतकेच महत्त्व होते ते बांध राखणाऱ्याला. पनवेल, पेण, अलिबागकडे शिलोत्रीची पद्धत होती. बाहेरचा बांध धड ठेवण्याची जोखीम शिलोत्रीदाराची आणि त्यापोटी आतल्या शेतकऱ्यांनी बिघ्यामागे ठरलेले भात त्याला द्यायचे. अलिबागच्या खारेपाटात सगळ्यांनी मिळून बांधबंदिस्ती करण्याच्या जोळ पद्धतीची आठवण जुनी माणसे अजून काढतात. बांधाला खांड गेली की ती कोणी, कधी, कोणाच्या खर्चाने बुजवायची हे आधीच ठरलेले असे. शिलोत्रीत सरंजामी पिळवणूक होतीच. १९५५ च्या कायद्याने कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातले ते हक्क संपवले ते योग्यच झाले. १९४८ चा खारभूमी कायदा आणि मग १९७९ चा, असे करत जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली. पिळवणूक गेली आणि तिच्याबरोबर राखणही गेली. खात्याच्या टेबलावरून खांड दिसत नाही, आणि दिसली तरी निविदा निघेपर्यंत दोन उधाणे येऊन जातात. पेण-अलिबागकडे हजारो एकर सुपीक जमीन खाऱ्या पाण्याखाली नापीक होऊन तिथे तिवरे माजली, त्याची गोष्ट इथून सुरू होते.

नवे शहर वसवण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली. त्याआधी १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली होती. पंचाण्णव गावांच्या जमिनींवर ३४४ चौरस किलोमीटरचे शहर आखले गेले. त्या जमिनींची किंमत काय मोजली गेली, हे १९८४ च्या जासईच्या गोळीबारात पडलेल्या पाच जणांच्या नावांनी आगरी-कोळी माणूस आजही सांगतो. तो या लेखाचा विषय नाही. पण जमीन घेतली तेव्हा ती राखण्याची रीत का नाही घेतली, हा प्रश्न मात्र इथलाच आहे.

शहर आखणाऱ्यांपुढे पेच साधा होता. जमीन भरतीच्या पातळीखाली. ती सगळी भरावाने उंच करायची तर डोंगरच्या डोंगर फोडावे लागणार आणि खर्च परवडणार नाही. म्हणून डचांची पद्धत आली. नोडच्या (शहराच्या एकेका वसाहतीच्या) कडेला मोठी तळी ठेवायची. भरती आणि पाऊस एकाच वेळी आला की खाडीची झडप बंद, आणि शहरातले नाल्यांचे पाणी या तळ्यांत थांबते. ओहोटी लागली, बाहेरची पातळी उतरली की झडप आपोआप उघडते आणि साठलेले पाणी खाडीत निघून जाते. पंपाची गरज नाही, विजेचा खर्च नाही. हे धारण तलाव. वाशी, बेलापूर, कोपरखैरणे, नेरूळ, ऐरोली भागात ते आहेत. नेरूळला ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ म्हणून लोक जिथे सकाळी फिरायला जातात, तिथले पाणीही मुळात धारण तलावाचेच. चालणाऱ्यांतल्या किती जणांना ते माहीत असेल कोण जाणे.

कल्पना उत्तम होती. तिच्यात आणि खारेपाटातल्या उघाडीत तत्त्वाचा फरक काहीच नव्हता. दिवाळे किंवा सारसोळे गावच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारले असते तर त्याने हेच सांगितले असते, सल्लागाराचे शुल्क न घेता. आम्हाला खटकते ते वेगळे. डचांकडून आपण तळे घेतले, पण ते तळे ज्याच्या जिवावर चालते ते मंडळ घेतले नाही. नेदरलँड्समध्ये बांध, कालवे आणि झडपा राखण्यासाठी स्वतंत्र पाणी-मंडळे आहेत. त्यांतल्या राइनलँड मंडळाला १२५५ साली सनद मिळाली. आज अशी एकवीस मंडळे आहेत. त्यांच्या निवडणुका होतात, ती स्वतःचा कर लावतात आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात काय उरते याची वाट पाहत बसत नाहीत. १९५३ च्या पुरात १,८३६ माणसे गेल्यावर त्या देशाने अवाढव्य बांध उभारले. पुढे या शतकात, नद्यांना पुन्हा जागा मोकळी करून देण्याचा कार्यक्रम आखून काही ठिकाणी बांध मागेही सरकवले. पाण्याला अडवायचे कधी आणि वाट द्यायची कधी, याचा निर्णय घेणारी माणसे तिथे ठरलेली आहेत. नवी मुंबईत तळी सिडकोने बांधली, बरीचशी महापालिकेकडे आली, काठावरचे भूखंड सिडकोकडे राहिले, तळ्यात उगवलेली खारफुटी वनखात्याच्या कक्षेत गेली, किनारा सागरी किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, आणि शेवटचा शब्द उच्च न्यायालयाचा. झडपेला गंज लागला तर तो यातल्या कोणाचा, हे सांगणे कठीण.

आता हवामानबदलाकडे येऊ. हा शब्द हल्ली इतका सैल वापरला जातो की त्याचा अर्थ शहराच्या नळीत उतरवून पाहायलाच हवा. झडपेचे सगळे काम दोन पातळ्यांतल्या फरकावर चालते: आत तळ्याची, बाहेर खाडीची. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते आणि उधाणाला त्यांतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली असते तेवढाच वेळ झडप उघडी. आंतरशासकीय हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्रांची सरासरी पातळी सुमारे वीस सेंटिमीटरने चढली, आणि २००६ नंतर ती वर्षाला ३.७ मिलिमीटर या वेगाने चढते आहे. वर्षाला साडेतीन-पावणेचार मिलिमीटर म्हणजे बोटाच्या नखाइतकेही नाही, असे वाटेल. पण पातळी चढली की दर ओहोटीला झडप थोडी उशिरा उघडते आणि थोडी लवकर मिटते. रोज दोनदा. पाणी निघून जाण्याचा अवधी असा दोन्ही टोकांनी कुरतडला जातो.

दुसऱ्या बाजूने पाऊस. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ दरम्यान व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचे दिसले. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचा चढउतार हे त्यांनी दाखवलेले कारण. पावसाळा तेवढाच, पण पडायचे ते थोड्या तासांत आणि धबाधबा. म्हणजे तळ्यात येणारे पाणी वाढले, जाण्याची वेळ घटली. जी तळी पन्नास वर्षांपूर्वीच्या पावसाचा आणि समुद्राचा हिशेब करून खोदली, त्यांची खोली आता जास्त हवी. प्रत्यक्षात ती कमी झाली आहे.

तळी गाळाने भरली. वर्षानुवर्षे गाळ निघाला नाही, कारण आत खारफुटी उगवली. आणि खारफुटी तोडता येत नाही, कारण न्यायालयाची मनाई. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या ऑक्टोबरात, त्या पुराला अडीच महिनेही झाले नव्हते तेव्हा, राज्यभर कांदळवन तोडीला बंदी घातली. १७ सप्टेंबर २०१८ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. रियाज छागला यांनी अंतिम निकाल देताना कांदळवनाचा नाश हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि भोवती पन्नास मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. हा निकाल महाराष्ट्राच्या किनाऱ्याला मिळालेले फार मोठे कवच आहे. पण धारण तलावांच्या काठी त्यावरून दोन तट पडले. एका बाजूचे म्हणतात, झाडे काढा, गाळ काढा, घरात पाणी शिरते. दुसरी बाजू म्हणते, गाळाचे निमित्त करून उद्या इथे भराव टाकाल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि दोघेही एक साधी गोष्ट विसरतात. तिवराचे बी भरतीच्या पाण्यावर तरंगत येते. खारे पाणी आत आल्याशिवाय तळ्यात तिवर उगवत नाही. म्हणजे तळ्यातले प्रत्येक तिवर हे उघाडी नीट मिटत नव्हती याची साक्ष आहे. आधी झडप निकामी झाली, मग गाळ आला, मग झाड. आणि आपण भांडतो आहोत झाडाशी.

यातून वाट आहे, पण ती सरसकट हुकमाची नाही. प्रत्येक तळ्याची आजची खोली मोजा. मधला प्रवाह, जिथे झाडे विरळ आहेत, तिथला गाळ न्यायालयाच्या परवानगीने आणि देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने काढा. जिथे दाट जंगल झाले आहे तिथे ते राहू द्या आणि गेलेल्या साठ्याइतकी जागा त्याच नोडमध्ये दुसरीकडे शोधा. ती जागा शोधायची तर तळ्यालगतचे मोकळे भूखंड विकणे आधी थांबवावे लागेल. इथेच घोडे पेंड खाते.

कारण कायद्याच्या पुस्तकात या पाण्याला धड ओळख नाही. २०१७ च्या पाणथळ जागा नियमांच्या व्याख्येत माणसाने पिण्यासाठी, सिंचनासाठी, मिठासाठी, मत्स्यशेतीसाठी केलेली तळी धरलेली नाहीत. सागरी किनारा नियमन क्षेत्रातल्या जागांनाही ते नियम लागू होत नाहीत. मग नवी मुंबईतली अर्धी-मानवी, अर्धी-भरतीची ही तळी कशात बसवायची? ज्याला जे सोयीचे, ते तो म्हणतो. सीवूड्सच्या एनआरआय वसाहतीजवळची आणि टी. एस. चाणक्यजवळची पाणथळ जागा हे याचे ठळक उदाहरण. तिथे गोल्फ मैदान आणि इमारती याव्यात म्हणून आराखड्यात केलेला बदल उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केला. सिडको त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. शहर बसवण्यासाठी नेमलेली संस्था त्याच शहराची पाण्याची जागा मोकळी करून घ्यायला दिल्लीपर्यंत भांडते, यावर वेगळे भाष्य नको.

या सगळ्या वादात लोकांच्या डोळ्यांत भरतो तो फ्लेमिंगो. महापालिकेने शहराला ‘फ्लेमिंगो सिटी’ हे बिरुदही लावून घेतले आणि चौकाचौकांत गुलाबी पुतळे उभे केले. पक्षी देखणा आहे, वादच नाही. ठाणे खाडीत तो नव्वदच्या दशकापासून मोठ्या संख्येने येऊ लागला. २०१५ मध्ये खाडीचा १,६९० हेक्टरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूरमधमेश्वर आणि लोणारनंतरचे हे राज्यातले तिसरे. त्यातली गंमत अशी की खाडीत जाणाऱ्या सांडपाण्यावर शेवाळ पोसले आणि शेवाळावर फ्लेमिंगो. म्हणजे आपल्या घाणीचेही त्याला आमंत्रण होते. पक्षी आला म्हणून खाडी निरोगी, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

भरतीला खाडीतला चिखल बुडाला की हे पक्षी विश्रांतीला काठावरच्या उथळ तळ्यांवर येतात. नेरूळचा डीपीएस तलाव त्यांपैकी एक, सुमारे तीस एकरांचा. तिथे येणाऱ्या भरतीच्या पाण्याची वाट बुजली. पाणी आटले, शेवाळ माजले, २०२४ च्या उन्हाळ्यात मेलेले फ्लेमिंगो सापडले. त्याच वर्षी २० मेच्या रात्री घाटकोपरवर दुबईहून येणाऱ्या विमानाला थवा धडकला आणि ३९ पक्षी पडले. ओरड झाली, समिती नेमली गेली, आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा तलाव संवर्धन राखीव करण्यास मान्यता दिली. नागरिकांनी रेटा लावला नसता तर हे घडले नसते; त्यांना श्रेय दिलेच पाहिजे. पण पक्षी नसलेली तळी? कोपरखैरण्याच्या एखाद्या गाळाने भरलेल्या धारण तलावावर गुलाबी पंख उतरत नाहीत. त्याच्यासाठी मेणबत्त्या कोण लावणार? शहर कोरडे ठेवण्याचे काम मात्र तोच करतो.

खाडीकाठावर असे असताना डोंगराकडच्या बाजूला गोड्या पाण्याचीही तीच तऱ्हा. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःच्या मालकीचे धरण आहे, चौकजवळचे मोरबे. राज्यात असे भाग्य फार थोड्या महापालिकांचे. मोरबे भरले की नवी मुंबईत पाण्याची चिंता मिटते, आणि त्यामुळेच पाण्याविषयी विचार करणेही थांबते. शेजारच्या पनवेलला गाढी नदीवरचे देहरंग धरण आहे; गाळाने त्याची साठवण आक्रसली आणि उन्हाळ्यात पनवेलकर टँकरमागे धावतात. एकाच डोंगररांगेखालची दोन गावे, एक तृप्त आणि एक तहानलेले. मोरब्याच्या जलाशयावर उभ्या असलेल्या इरशाळगडाच्या कुशीत १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. ज्या पावसाने शहराचे धरण भरते, त्याच पावसाने धरणावरची वाडी गाडली. पाणलोट म्हणजे नकाशावरची निळी रेघ नव्हे, तिथे ठाकर राहतात, एवढे तरी त्या रात्रीनंतर शहराला कळायला हवे होते.

आणि नद्या. कासाडीचे पाणी तळोज्याच्या कारखान्यांनी काय करून ठेवले ते २०१७ च्या ऑगस्टमध्ये अंग निळे पडलेल्या कुत्र्यांनी जगाला दाखवले. त्यांच्या छायाचित्रांवर लोक हसले, मग ओशाळले, मग विसरले. उलवे नदीचा तर मार्गच बदलला. ११६० हेक्टरच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, खाजण भरून जमीन उंच केली, नदीला वळसा दिला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरात विमाने उडू लागली. भराव चढत गेला तसे शेजारच्या डुंगी गावात पावसाळ्यात पाणी शिरू लागले. गावकऱ्यांना शेवटी स्वतःचेच गाव सोडून जाण्याची मागणी करावी लागली. विमानतळ नको होता असे आमचे म्हणणे नाही. पण उंच केलेल्या जमिनीवरचे पाणी कुठेतरी जातेच, आणि ते सहसा गरीब गावात जाते.

खाडीवर जगणाऱ्यांचे नुकसान मोजताच येत नाही, असे सांगण्याची प्रशासनाची जुनी सवय. ते खोटे आहे. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने ते मोजून दाखवले. उरणच्या पारंपरिक मच्छीमारांच्या अर्जावर निकाल देताना लवादाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. त्यातला ७० टक्के वाटा जेएनपीटीचा, २० टक्के ओएनजीसीचा आणि १० टक्के सिडकोचा. भराव, बांधकाम, खाडीची मुखे आवळणे, यांमुळे मासे गेले, हे त्यात मान्य झाले. एरवी कोळी माणसाचे म्हणणे पुराव्यात धरले जात नाही. जिताडा कुठे मिळेनासा झाला, चिंबोरीची बिळे कुठून गेली, पुलाच्या कुठल्या खांबामागे गाळ साचतो हे पाग टाकणाऱ्याला आपल्या कुठल्याही सर्वेक्षणाच्या आधी कळते. १९७३ चा वाशीचा पूल, १९९७ चा दुसरा, ऐरोलीचा, अलीकडचे तिसरे पूल, अटल सेतू. खाडीत प्रत्येक नव्या खांबाबरोबर प्रवाह थोडा बदलला. त्याची नोंद कुठल्या कार्यालयात आहे? दिवाळ्याच्या होडीवाल्याच्या डोक्यात आहे.

अंधारच अंधार आहे असेही नाही. २०१२ मध्ये कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष स्थापणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्ष म्हणून मान देणारेही पहिलेच. ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र मुलांना खाडी दाखवते. नवी मुंबईची सांडपाणी प्रक्रिया राज्यात चांगली मानली जाते, आणि ऐरोली-कोपरखैरण्याचे अधिक शुद्ध केलेले पाणी उद्योगांना देण्याची सुरुवात झाली आहे. तेवढे मोरब्याचे पाणी वाचते, तेवढी घाण खाडीत कमी जाते. म्हणजे हात आहेत, पैसा आहे, ज्ञानही आहे. नाही ती एकच गोष्ट: या सगळ्याचा धनी.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. नवी मुंबई, पनवेल आणि उरण यांच्या खाडीकाठासाठी एकच पाणी-मंडळ हवे. त्यात महापालिका, सिडको आणि वनखाते असतीलच. पण नुसते त्यांचेच असेल तर ते मंडळ आणखी एक समिती होईल. २०१८ च्या निकालानंतर कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली खारफुटीसाठी समिती आहेच. आयुक्तांचे कोकण भवनही बेलापुरातच आहे, भरतीच्या हाकेच्या अंतरावर. समिती तक्रार ऐकते. झडपेला वंगण घालत नाही. मंडळाला स्वतःचा निधी लागेल, आणि तो विकास शुल्कातून कापून घेता येईल, कारण भरावावर जे बांधतात त्यांनी भरावाची किंमत द्यावी. त्यात कोळीवाड्यांचे आणि खारभूमी कसणाऱ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी मताच्या अधिकारासह हवेत. शोभेला बसवलेले ‘विशेष निमंत्रित’ नकोत. आणि प्रत्येक उघाडीची वही हवी: कधी उघडली, कधी मिटली, कधी अडकली, कोणी दुरुस्त केली. ती वही कोणालाही पाहता यावी.

याला फार मोठी क्रांती लागत नाही. पावसाळ्याआधी नालेसफाईचे जेवढे कौतुक होते, त्याच्या दहाव्या हिश्शाइतके लक्ष झडपांकडे दिले तरी या पावसाळ्यात फरक दिसेल. विरोध होईल तो भूखंडांच्या बाजूने, कारण तळ्याची खरी खोली एकदा कागदावर आली की त्याच्या काठावरची जमीन विकणे अवघड होते. नेमके म्हणूनच ती कागदावर यायला हवी.

वाचकांना एक विनंती. भरतीच्या वेळा आणि उंची रोज वर्तमानपत्रात छापून येतात. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच दिवशी आला, तर पाणी ओसरल्यावर आपल्या नोडच्या धारण तलावापर्यंत चालत जा आणि खाडीकडच्या बाजूची झडप शोधा. ती मिटते का, उघडते का, की गाळात रुतून बसली आहे ते पाहा. आणि दुसऱ्या दिवशी विभाग कार्यालयात जाऊन लेखी विचारा की ही कोणाच्या ताब्यात आहे. उत्तरादाखल दुसऱ्या कार्यालयाचा पत्ता मिळाला, तर तिथेही तोच अर्ज द्या आणि दोन्हींच्या पोच जपून ठेवा.